काविळीच्या दिवसांतलं पत्र

"पोरी कशा आहेत गं?" सिन्नरच्या बाईंनी फोनवर विचारलं आणि मी म्हणाले, "मजेत आहेत, बाई. सगळ्या मजेत."

त्या वेळी आमच्या वसतिगृहातल्या चार मुली सरकारी रुग्णालयात सलाईन लावून पडल्या होत्या. आणखी तिघींना वरच्या मजल्यावरच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. सातही जणींचे डोळे पिवळे. मी नुकतीच त्या तिघींना मुगाचं पाणी देऊन, हात दोनदा साबणाने धुऊन खाली ऑफिसात येऊन बसले होते. तरी "मजेत" हा शब्द तोंडातून असा सहज निघाला, जसा कुणी जेवलात का विचारल्यावर "हो" निघतो.

बाई निवृत्त शिक्षिका. दर दिवाळीला स्वतःच्या हातचा चिवडा दोन मोठ्या डब्यांत भरून एसटीने यायच्या, मुलींना शुद्धलेखन घालून संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या. त्यांच्याशी खोटं बोलायचं मला काही कारण नव्हतं. कारण एवढंच, की वसतिगृह चालवणाऱ्या मुख्य सिस्टरांनी आदल्या दिवशी आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं, "पाण्याचा रिपोर्ट येईपर्यंत बाहेर कुणाला काही बोलायचं नाही." आणि बाहेरच्यांशी बोलणं हेच तर माझं काम होतं.

मी तिथे कशी आले ते सांगते. अंबडच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत मी एकोणीस वर्षं खरेदी विभागात होते. कंपनी उठून दुसऱ्या राज्यात गेली आणि मी चव्वेचाळिसाव्या वर्षी घरी बसले. मग ओळखीतून कळलं की कॅथलिक सिस्टरांच्या मुलींच्या वसतिगृहाला मराठीत पत्रव्यवहार करणारी बाई हवी आहे. पेठ, सुरगाणा, कळवण या बाजूच्या साठेक मुली तिथे राहून शिकायच्या. कुणाचे वडील नाहीत, कुणाचे आईवडील हंगामात द्राक्षबागांवर कामाला जातात आणि पोरीला घरी बघायला कुणी नसतं. आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत बुद्धविहाराच्या ओट्यावर बसणाऱ्या बायका मला विचारायच्या, "झालीस का गं ख्रिश्चन?" मी म्हणायचे, "अंबडला होते तेव्हा पंप झाले होते का?"

माझ्याकडे देणगीदार होते. म्हणजे त्यांचे वाढदिवस, त्यांच्या वडिलांचे स्मृतिदिन, त्यांच्या लग्नाचे वाढदिवस, कोण गोड जेवण देतो, कोण वह्या देतो, कुणाला बॅनर लागतो आणि कुणाला बॅनर अजिबात चालत नाही, हे सगळं एका जाड रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात होतं. माणसं वाईट नव्हती. पण त्यांनी माझ्या डोक्याला ताप दिला नाही असा आठवडा गेला नाही. एक जण केक घेऊन यायचे आणि केक कापेपर्यंत मुलींनी टाळ्या वाजवत उभं राहावं असा त्यांचा आग्रह असायचा. एका बाईंना दर वर्षी ‘आपल्या’ मुलीचा हसरा फोटो हवा असायचा. गेल्या वर्षी ती हसली नव्हती म्हणून त्यांनी मला फोन केला होता.

कावीळ आली ती पोळा उलटून गेल्यावर. सुरगाण्याकडची आठवीतली एक मुलगी आधी जेवेना, मग उलट्या करायला लागली आणि तिसऱ्या दिवशी वर्गातल्या बाईंनी तिचे डोळे बघून तिला घरी पाठवलं. घरी म्हणजे आमच्याकडे. दोन दिवसांत आणखी सहा जणी. डॉक्टर म्हणाले, "ही पाण्यातून येते ती कावीळ. तुमचं पाणी तपासून घ्या आणि तोवर सगळं उकळून द्या."

सिस्टरांनी त्याच तासाला पाणी उकळायला लावलं, हे मी सांगितलं पाहिजे. त्या वसईकडच्या. साठीला आलेल्या, बुटक्या, चालताना एका पायावर जरा झुकणाऱ्या. त्या चार रात्री रुग्णालयाच्या बाकावर झोपल्या. मुलींची काळजी घेण्यात त्यांनी कसूर केली नाही. फक्त बोलायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

त्यात आमचे सल्लागार आले. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ वर्षातून दोनदा संस्थेला फुकट सल्ला द्यायचे. ते लॅपटॉप उघडून बसले आणि म्हणाले, "मॅडम, आपली गोष्ट आपण सांगितली नाही, तर दुसरा कोणीतरी सांगेल."

मला पटलं. मी म्हटलं, "मग सांगू या ना, सर. सात मुलींना कावीळ झालीये, चौघी रुग्णालयात आहेत."

"तसं नाही सांगायचं," ते म्हणाले आणि त्यांनी एक मजकूर टाइप करून माझ्याकडे वळवला. त्यात लिहिलं होतं की संस्थेने मुलींच्या आरोग्यासाठी विशेष काळजी मोहीम हाती घेतली आहे.

मी तो दोनदा वाचला. "यात कावीळ कुठे आहे?"

"तीच तर खुबी आहे," ते म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. खरंच लावला. पण सिस्टरांची आज्ञा होती, मला गप्प बसायचं होतं, आणि मीही सिन्नरच्या बाईंना "मजेत" म्हणून मोकळी झालेच होते. सल्लागार निदान टाइप करून खोटं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजायला लागला तो थांबेना. कुणीतरी आमच्या फाटकाबाहेरून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा फोटो काढला होता आणि तो व्हॉट्सॲपवर फिरत होता. खाली लिहिलं होतं की या टाकीतलं पाणी पिऊन तीन मुली मेल्या आणि सिस्टर लोक प्रकरण दाबत आहेत. सोबत रुग्णालयातल्या खाटांचा एक फोटो होता. त्या खाटा आमच्या मुलींच्या नव्हत्या, नाशिकच्याही नसाव्यात. भिंतीवरची पाटी मराठीत नव्हती. पण पाटी कोण वाचतो?

मी प्रत्येकाला तेच सांगत होते. नाही हो, कुणी गेलेलं नाही. हो, आजारी आहेत. नाही, तो फोटो आमचा नाही. हो, टाकी आमची आहे. एका गृहस्थांनी मला मुलींना व्हिडिओवर दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, "साहेब, पोरी ओकताहेत. ते दाखवू?" दुसऱ्यांनी गळ्यात घालायच्या काविळीच्या माळा पाठवतो म्हणून सांगितलं, एका बाईंना नांदूर नाक्याकडे कावीळ उतरवणारा माहीत होता. काहींनी काळजीने विचारलं. बऱ्याच जणांनी आधी आपलं नाव कुठे येणार नाही ना, हे विचारलं.

मग टाकीवाल्यांचा फोन आला. सातपूरला त्यांचं वर्कशॉप आहे. गच्चीवरची ती टाकी त्यांनी दिली होती आणि तिच्यावर ठळक निळ्या अक्षरात त्यांच्या आईचं नाव होतं, तिच्या स्मरणार्थ म्हणून. फोटोत ते नाव स्पष्ट वाचता येत होतं.

"मॅडम, माझ्या आईचं नाव आहे त्यावर!" ते ओरडत होते. "लोक मला फोन करून विचारतायत. माझ्या आईच्या नावाने पोरी मेल्या म्हणतायत!"

"कुणी मेलेलं नाही हो."

"मग तुम्ही आधी का नाही बोललात?"

मीही आवाज चढवला. मी म्हटलं, "तुम्हाला मुलींची पडली आहे की नावाची?" त्यांनी फोन ठेवला. ते मी बोलायला नको होतं. आपल्या मेलेल्या आईचं नाव कुणी असं चिखलात ओढलं, तर मी तरी काय केलं असतं? दुपारी त्यांनी रंगाऱ्याला पाठवलं. तो शिडी लावून चढला आणि त्याने नावावर पांढरा रंग फासला. घाईत एकच हात दिला होता, त्यामुळे अक्षरं खालून दिसतच राहिली. आता ती टाकी दुरून बघितली की आम्ही खरंच काहीतरी लपवतोय असं वाटायचं.

चार वाजता सिन्नरच्या बाईंचा फोन आला. या वेळी त्यांनी पोरी कशा आहेत असं विचारलं नाही.

"तू मला मजेत आहेत म्हणालीस," त्या म्हणाल्या.

"बाई, मला सांगायची परवानगी नव्हती..."

"ते असू दे. आता मला एवढं सांग, उद्या तू फोन करून म्हणालीस की सगळ्या बऱ्या झाल्या, तर मी ते कशावरून खरं मानू?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला ओरडून घ्यायची दिवसभरात सवय झाली होती. पण त्यांनी नुसतं विचारलं. मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

त्या दिवशी मी सगळ्यांवर चिडले होते. सिस्टरांवर, सल्लागारांवर, फोटो काढणाऱ्यावर, माळा पाठवणाऱ्यावर. देणगीदारांचा विश्वास, देणगीदारांचा विश्वास, असं सल्लागार दिवसभर म्हणत होते, आणि मला वाटत होतं की या सगळ्यात मी एकटीच शहाणी आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी एक माणूस उभा होता. पांढरी टोपी, धुतलेला शर्ट, हातात कापडी पिशवी. पहाटे निघून एक जीप आणि दोन एसट्या बदलून आला होता. त्याला ऑफिसात बोलावलं, तर तो खुर्चीवर बसेना. दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाला, "बाई, आमच्या गावच्या मास्तरनं मोबाइलवर दाखवलं. तीन पोरी मेल्या म्हनं. माझी त्यात हाय का?"

तो सुरगाण्याच्या त्या पहिल्या मुलीचा बाप होता.

मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "नाही. नाही हो भाऊ. ती आहे. दवाखान्यात आहे, बोलतेय, काल तिने भात खाल्ला. कुणीच गेलेलं नाही." मग तो तिथेच दारात खाली बसला आणि टोपी काढून टोपीनेच तोंड पुसलं. मी पाणी पुढे केलं. उकळलेलं आहे, असं सांगितलं. त्याने भांडं हातात घेतलं, पण प्यायला नाही. लगेच तर नाहीच.

"फोन नाय केला कुनी," तो म्हणाला. तक्रार करतोय असा सूर नव्हता.

मी मुलींचं रजिस्टर काढलं. त्याच्या नावापुढे एक नंबर होता. तो नंबर दोन हंगामांपूर्वीच्या बागेतल्या मुकादमाचा निघाला. आम्ही तो त्याआधी लावलाच नव्हता, लावला असता तरी उपयोग नव्हता. पुढची पानं उलटून एकेक नंबर लावून पाहिला. आजारी सात जणींपैकी तिघींच्या घरचे नंबर चालू होते. उरलेल्या चौघींचे आईबाप कुठल्या तालुक्यात आहेत हेसुद्धा आम्हाला नीट माहीत नव्हतं. आणि शेजारच्या रजिस्टरमध्ये नाशिकमधल्या प्रत्येक देणगीदाराच्या सुनेचा वाढदिवससुद्धा माझ्या अक्षरात लिहिलेला होता.

मी त्याला रिक्षाने रुग्णालयात घेऊन गेले. मुलगी बापाला बघून रडायच्याऐवजी लाजली. तो तिच्या पायांशी बसला. थोड्या वेळाने ती मला म्हणाली, "ताई, मी सांगितलं होतं ना, मोरीतल्या पान्याला वास येतो म्हनून."

तिने सांगितलं होतं. साधारण महिनाभर आधी. मी तेव्हा देणगीदारांना पाठवायच्या कॅलेंडरसाठी मुलींचे फोटो काढत होते. ती माझ्याजवळ आली आणि मोरीतल्या नळाला घाण वास येतो म्हणाली. मी म्हणाले होते, "हो हो, बघते. तू जरा त्या खिडकीपाशी उभी राहा, उजेड चांगला आहे." ती उभी राहिली. हसलीसुद्धा. तो फोटो कॅलेंडरच्या मुखपृष्ठासाठी निवडला होता.

मी "हो गं" एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मी मुख्य सिस्टरांकडे गेले. त्या प्रार्थना आटोपून बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या आणि दुखरा पाय चोळत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. बाप आला ते, नंबर ते, वास ते, खिडकी ते. म्हटलं, "सिस्टर, मला काढून टाकायचं असेल तर टाका. पण आता मी कुणाला मजेत आहेत म्हणणार नाही."

त्या म्हणाल्या, "मलाही सांगितलं होतं."

"कुणी?"

"स्वयंपाकघरातल्या मावशीने. पावसात पाणी असंच येतं, ऊन पडलं की साफ होईल, असं म्हटलं मी." त्यांनी पाय खाली ठेवला. "तुला वाटतं मी देणगीदारांना भ्याले. मी त्यांना नाही भ्याले. आमच्या संस्थेच्या दुसऱ्या एका वसतिगृहात असंच काही झालं होतं, तेव्हा फाटकाबाहेर माणसं जमली होती. मुली आत रडत होत्या. मी तेव्हा तिथे होते. मला तेच दिसत होतं सारखं. म्हणून गप्प बसले."

"गप्प बसलो म्हणून तर जमतील, सिस्टर."

"ते आता कळतंय," त्या जरा त्रासिकपणे म्हणाल्या. "प्रत्येक गोष्ट तू सांगायलाच पाहिजे असं नाही."

मला बरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्या माझ्यावर चिडल्या होत्या.

पाण्याचा अहवाल दुसऱ्या सकाळी आला. गच्चीवरच्या टाकीत दोष नव्हता. दोष स्वयंपाकघरामागच्या, अर्धी जमिनीत बांधलेल्या टाकीत होता. शेजारच्या उंबराच्या मुळांनी तिची भिंत चिरली होती आणि दोन हातांवरच्या ड्रेनेजचं पाणी त्या चिरेतून आत झिरपत होतं. मोरीचा नळ थेट त्या टाकीवर होता, आणि मुली खेळून आल्या की तिथेच ओंजळ लावायच्या. बाहेरून त्या टाकीला आम्ही दर वर्षी हिरवा रंग द्यायचो. आत उतरून शेवटचं कुणी कधी पाहिलं होतं, हे कुणालाच आठवेना.

त्याच दिवशी पत्र लिहायला बसलो. सिस्टर, मी आणि सल्लागार. आधी कुणाला कळवायचं यावरच वाद झाला. सल्लागारांचं म्हणणं, मोठ्या देणगीदारांना फोन, बाकीच्यांना मेसेज. सिस्टर म्हणाल्या, "आधी घरी. साठही मुलींच्या घरी. ते झाल्याशिवाय एकही पत्र जाणार नाही." त्याला दोन दिवस गेले. गावातल्या मास्तरांना, सरपंचांना, आशाताईंना, किराणा दुकानदाराला, जो सापडेल त्याला फोन केला. एका आईपर्यंत पोचायला मी दिंडोरीकडच्या पाच बागांत फोन लावले. ती शेवटी मिळाली तेव्हा घाबरून म्हणाली, "काय केलं तिनं?" पोरीने काहीतरी चुकीचं केलं म्हणूनच फोन आला असणार, असं तिला वाटलं.

मग पत्र. सल्लागारांच्या मसुद्यात ‘पाणीपुरवठ्यातील तांत्रिक अडचण’ असं होतं. सिस्टरांनी त्यावर रेघ मारली आणि शेजारी पेनाने लिहिलं. वसईच्या शाळेत गिरवलेलं त्यांचं ते गोल अक्षर मला अजून दिसतं. ‘पाण्याला वास येतो हे आम्हाला सांगितलं होतं. एका मुलीने आणि एका कर्मचारी ताईंनी. आम्ही लक्ष दिलं नाही. ही चूक आमची आहे.’

सल्लागार उठून उभे राहिले. "सिस्टर, तुम्ही स्वतःच्या हाताने गळ्यात दोर घालून घेताय. कुणी विचारलेलं नाही तुम्हाला हे!"

"म्हणूनच लिहायचं," सिस्टर म्हणाल्या.

"याचा स्क्रीनशॉट फिरेल."

"फिरू दे. निदान फोटो आमचा असेल."

मी हसले. सल्लागार हसले नाहीत. पण त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि शुद्धलेखन तपासून दिलं, हे मला नोंदवलंच पाहिजे. पत्रात किती मुली आजारी आहेत, कुठे आहेत, काय दुरुस्त करतोय आणि काय अजून माहीत नाही, ते सगळं लिहिलं. टाकी देणाऱ्यांचा यात काहीही दोष नाही, हेही लिहिलं. मुलींचा एकही फोटो घातला नाही. मी स्वतः तळटीप घातली की ज्यांना फोनवर मी सगळं ठीक आहे असं सांगितलं, त्यांना मी खोटं सांगितलं. सिस्टरांनी ती वाचली आणि ठेवली. कॅलेंडर त्या वर्षी छापलंच नाही.

पत्र लिहून टाकलं की लोक भारावून परत येतात, असं काही झालं नाही. स्क्रीनशॉट फिरलाच. ‘बघा, कबूल केलं’ असं त्यावर लिहिलेलं होतं. पण फाटकावर कुणी जमलं नाही. पालिकेचा माणूस आला, आम्ही त्याला टाकी दाखवली, कागद दाखवले आणि तो चहा घेऊन गेला. अंबडच्या एका कंपनीने दर वर्षीचा कार्यक्रम रद्द केल्याचा दोन ओळींचा मेल पाठवला. केक घेऊन येणारे गृहस्थ आलेच नाहीत, आणि त्याचं मला काडीचंही दुःख झालं नाही. टाकीवाल्यांना मी पत्र स्वतः सातपूरला नेऊन दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "हे आधी लिहायला हवं होतं." मी "हो" म्हटलं. "मी तेव्हा तुम्हाला बोलले, ते चुकलं माझं," असंही म्हटलं. त्यांनी मान हलवली. ते पुन्हा आले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर आले असते की नाही, मला सांगता येत नाही.

सिन्नरच्या बाई मात्र आल्या. हातात डबा नव्हता. सिस्टरांना नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "मला ती टाकी दाखव." मी म्हटलं, आधी मुलींना भेटा, बऱ्या आहेत आता. "तू टाकी दाखव," त्या म्हणाल्या. आम्ही मागे गेलो. गवंड्याने टाकी फोडून उघडी केली होती. बाई चष्मा सावरत काठावर वाकल्या आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. मुळं, काळी ओल, भिंतीतली ती चीर. "आणि वरून रंग देत होतात," त्या म्हणाल्या. पुढे त्या दर महिन्याला फोन करायला लागल्या. पाण्याचा तपासणी अहवाल मला वाचून दाखवायला लावायच्या, आकड्यासकट, तारखेसकट. मी एखादी ओळ गाळली तर त्यांना कळायचं. मी वैतागायचे, पण वाचायचे.

मुली सगळ्या बऱ्या झाल्या. दिवाळीला घरी गेल्या. सुट्टी संपल्यावर साठांतल्या पाच परत आल्या नाहीत. त्यांत ती सुरगाण्याची होती.

सिस्टर म्हणाल्या, "जाऊन येऊ." जीप भाड्याने घेतली. रस्ता संपल्यावर पाऊण तास चालावं लागलं. सिस्टरांचा पाय दुखत होता, त्या वाटेत दोनदा दगडावर बसल्या, पण परत फिरू या म्हणाल्या नाहीत. घर कुडाचं, स्वच्छ सारवलेलं. बाप कामावर गेला होता. मुलगी आम्हाला बघून आत पळाली आणि दारामागून बघत राहिली. आई डोक्यावर दोन हंडे घेऊन खालच्या झऱ्यावरून वर येत होती. तिने हंडे उतरवले, पदराने हात पुसले आणि आम्हाला बसायला घोंगडी टाकली.

सिस्टरांनी सगळं सांगितलं. नवी टाकी बांधली, दर महिन्याला पाणी तपासतो, तुमचा नंबर आता भिंतीवर लिहिला आहे, काही झालं तर पहिला फोन तुम्हाला. त्या पत्र वाचून दाखवत नव्हत्या, पण मला ते पत्रच ऐकू येत होतं. इतकी वाक्यं मी देणगीदारांसाठी घासूनपुसून तयार केली होती, आणि इथे ती पोकळ वाटत होती.

आईने शेवटपर्यंत ऐकलं. मग हंड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हितलं पानी तरी कुटं चांगलं हाय, सिस्टर. हितं बी पडते ती आजारी. पर हितं पडली तर मला दिसते तरी."

मी वही काढली होती, काय लिहायचं ते कळेना, ती परत पिशवीत टाकली. आईने आम्हाला कोरा चहा दिला. त्याच पाण्याचा. आम्ही प्यायलो.

निघताना सिस्टर दाराशी थांबल्या आणि मुलीला म्हणाल्या, "तुझी वह्या-पुस्तकं आम्ही आणलीत. जूनमध्ये यायचं की नाही ते तू आणि आई ठरवा. आम्ही विचारायला परत येऊ." मुलगी दारामागेच होती. तिने हात पुढे करून पिशवी घेतली.

उतारावर सिस्टर माझ्या खांद्याला धरून चालत होत्या. मी वैतागून म्हटलं, "सिस्टर, त्या बाईला पटवायला काहीतरी बोलायचं होतं ना तुम्ही."

"काय?" त्या म्हणाल्या. "ती खोटं कुठे बोलली?"